भाच्याची गाडी आणि राजूरची धूळ

मंडळी, गाड्यांवर लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. एकदा सुरू केलं की मला थांबता येत नाही, हे घरच्यांना चांगलंच माहीत आहे. पण गेल्या महिनाभरात भाच्याशी एकाच विषयावर इतक्या वेळा बोलणं झालं, आणि मग त्याच्या दोन मित्रांचेही फोन आले, की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच वाचायला द्यायचं, काम खतम :-)

प्रश्न असा: कोणीतरी हौसेने ‘करून घेतलेली’ जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायची असेल तर काय काय पाहायचं?

भाचा राजूरला राहतो, नोकरीला वणीत जातो. ज्यांना राजूर माहीत नाही त्यांच्यासाठी: यवतमाळ जिल्हा, वणी तालुका. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांच्या जिवावर वाढलेलं गाव. लहानपणी आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी कोणत्या रंगाचा होणार हे वाऱ्यावर अवलंबून असायचं. या बाजूने वारा आला तर कोळसा, त्या बाजूने आला तर चुना. ही धूळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तर अशा गावात भाच्याला स्पोर्ट्स कार हवी. खरी स्पोर्ट्स कार, म्हणजे दोन दारांची आणि जमिनीला चिकटून चालणारी, आपल्या खिशात बसत नाही आणि आपल्या रस्त्यांवरही बसत नाही. म्हणून आपल्याकडे वेगळा मार्ग निघाला. चलाख इंजिनाची छोटी गाडी घ्यायची आणि तिला नटवायची, पळवायची. एके काळी होंडा सिटी व्हीटेक होती, फियाट पालिओ १.६ होती. मग २०१३ मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली, २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली. पोलो तर आपल्या चाकणलाच बनायची, २०२२ मध्ये बंद झाली. बंद झाल्यामुळे पोरांना तिचं वेड आणखीच लागलं.

भाच्याने पसंत केलेली गाडीही पोलो जीटी टीएसआयच, २०१६ची, नागपुरातली.

“मामा, कंपनीतून एकशे पाचचीच पॉवर येते. हे एकशे चाळीसची हाय. स्टेज टू! आधीच्यानं दोन लाख लावले तिच्यात, आपल्याले फुकटात भेटून राहिले.”

ताईचा फोन वेगळा आला. “दादा, यांच्या फंडातले तीन लाख त्याच्यात जाऊन राहिले. तू एकदा पाहून घे. तुझं ऐकते तो.”

भाऊजी खाणीतून निवृत्त झाले. आयुष्यभर जमिनीखाली उतरून साठवलेल्या पैशातले ते तीन लाख. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त गाडीचा राहिला नव्हता.

सगळ्यात आधी ते ‘फुकटात भेटून राहिले’ बघू. घराला मार्बल लावला तर घराची किंमत वाढते, म्हणून लोकांना वाटतं गाडीचंही तसंच असेल. गाडीचं उलट असतं. आधीच्या मालकाने दोन लाख घातले ते त्याच्या हौसेला, आणि ती हौस त्याने वापरून संपवली. आपल्याला मिळतं ते त्या हौसेने दमलेलं इंजिन. जादा पॉवर बहुतेक वेळा ईसीयू रीमॅप करून काढलेली असते, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला हिशोब बदलून. कंपनीने उन्हाळा, हलकं पेट्रोल, बेफिकीर चालवणारा या सगळ्यांसाठी जी सवड ठेवलेली असते, ती सवड खर्च करून ही पॉवर येते. चंद्रपूर-वणीकडच्या पंचेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात ती सवड किती लागते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून मी भाच्याला एक प्रश्न शिकवला. विकणारा नेहमी सांगतो की गाडीत काय काय लावलंय. आपण विचारायचं, काय काय काढलंय? आणि काढलेलं सामान कुठे आहे?

गाडी चांगली ठेवणारा हौशी माणूस कंपनीचे काढलेले पार्ट जपून ठेवतो. माळ्यावर, पोत्यात, कुठेही, पण ठेवतो. तो गाडीसोबत खोकी काढून देतो, कोणत्या मिस्त्रीने काय कधी बसवलं त्याची बिलं देतो. ज्याच्याकडे ना पार्ट आहेत ना बिलं, त्याची गाडी कितीही चकाकत असली तरी मी नमस्कार करून परत येईन.

आता कागद. लोक आधी बोनेट उघडतात. माझं म्हणणं, आधी आरसी उघडा.

आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचायचा. एजंटने मोबाईलवर पाठवलेला फोटो चालत नाही. नंबराच्या आजूबाजूला घासल्याच्या, वेल्डिंगच्या, नव्या रंगाच्या खुणा आहेत का ते टॉर्च लावून बघायचं. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. डीसी अवंती आठवते? २०१२च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेली, भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून गाजलेली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अशी एक अवंती पकडली. ती तामिळनाडूच्या नंबराची होती, आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तिचाच इंजिन आणि चेसिस नंबर असलेली दुसरी गाडी हरियाणात नोंदलेली होती. त्यावरून गुन्हा दाखल झाला, अटक झाली, एकाच गाडीवर पुन्हा पुन्हा कर्ज काढल्याचा आरोपही झाला. त्या आरोपांचं काय करायचं ते कोर्ट बघेल. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याच्याकडेही कागद होते. कागद दिसले म्हणजे झालं असं नाही. कागद आणि लोखंड एकमेकांशी जुळले पाहिजेत.

मग बोजा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसीचा फॉर्म २८. भाच्याची गाडी नागपूरची आणि राहणार यवतमाळच्या एमएच-२९ मध्ये, त्यामुळे हे सगळं आलंच. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, चलानं किती बाकी, हे बघायचं. जोरात पळणाऱ्या गाडीची चलानं वाचणं हा एक छान अभ्यास आहे. ओव्हरस्पीडची दहा चलानं असतील तर ‘फक्त संडेला काढत होतो’ ही कथा तिथेच संपते.

यापुढचा मुद्दा पोरांना आवडत नाही, तरी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ला केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद, इंजिन बदलायचं तर तसंच. काचांवरची काळी फिल्म २०१२ पासूनच बंद. आणि फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचं काय होतं ते पोलिसांच्या रोडरोलरखाली आपण पेपरात पाहिलंच आहे. बदल आधीच्याने केला, पण अडवलं जाणार आपल्याला. चौकात ‘साहेब, मी असाच घेतला’ याला काही किंमत नसते.

त्याहून मोठं म्हणजे विमा. गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांत विमाही नावावर करायला अर्ज द्यायचा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. आणि केलेले बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील तर अपघातानंतर सर्व्हेअर ते शोधून काढतो आणि क्लेम लोंबकळत राहतो. म्हणजे पॉवर पस्तीसने वाढली आणि विमा जवळजवळ नसल्यात जमा. हेही एक ‘काढलेलं’च समजा.

एका रविवारी आम्ही दोघं गाडी पाहायला गेलो. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. कारण थंड इंजिनच खरं बोलतं. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागला तर समजायचं, पाहुणे येण्याआधी घर झाडून घेतलंय. थंड चालू करताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, आणि थांबतच नाही असा दाट पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंटचं पाणी आत शिरतंय.

सुदैवाने बोनेट थंड होतं. धूर नव्हता. भाच्याचा चेहरा खुलला.

मग मी एअर फिल्टर पाहिला. कंपनीचा बंद डबा काढून तिथे उघडा, शंकूच्या आकाराचा, लाल फिल्टर लावलेला. आवाज छान येतो त्याने, खरंच येतो. पण तो इंजिनाशेजारची गरम हवा ओढतो आणि हवा जास्त सोडायची म्हणून बारीक धूळही जास्त सोडतो. पुण्या-मुंबईच्या पावसात एक वेळ चालून जाईल. राजूरला? आमच्या गावचे जुने ट्रकवाले आपण जेवायला बसायच्या आधी एअर फिल्टर झटकून घ्यायचे, ते काय उगाच? ही बारीक धूळ सिलिंडरच्या भिंतीवर कानशीसारखी चालते. टर्बोच्या पंख्याचीही धार जाते. फिल्टरच्या पुढच्या पाइपात आतून बोट फिरवायचं. तिथे बोट कोरं निघायला हवं. भाच्याचं बोट करडं निघालं. तो काही बोलला नाही, पँटीला पुसलं.

मग गाडी रॅम्पवर चढवली. सायलेन्सरच्या ओळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता, त्या जागी सरळ पाइप. प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असलेला हा डबा महाग असतो. पुन्हा बसवायचा खर्च डोळ्यांत पाणी आणतो आणि तो नसेल तर पीयूसीचा प्रश्न येतोच. रीमॅप करताना त्याचा चेक इंजिनचा दिवाही बंद करून ठेवता येतो, म्हणून डॅशबोर्डवर काहीच दिसत नाही. यासाठी स्कॅनर लावणारा मिस्त्री सोबत न्यायचा. एक बारकावा सांगतो, बऱ्याच जणांना माहीत नसतो. स्कॅनरवर ‘एकही फॉल्ट नाही’ दिसलं तर लगेच खूश व्हायचं नाही. त्याच यंत्रात रेडिनेस मॉनिटर म्हणून एक पान असतं. गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या पूर्ण झाल्या का ते तिथे दिसतं. बऱ्याचशा ‘अपूर्ण’ असतील तर फॉल्ट नुकतेच पुसलेले आहेत, किंवा बॅटरी नुकतीच काढलेली आहे. दोन्ही वेळा कारण विचारायचं.

खाली असतानाच स्प्रिंग पाहायच्या. गाडी खाली बसवण्यासाठी चांगल्या कंपनीच्या छोट्या स्प्रिंग मिळतात. पण कित्येक जण मूळ स्प्रिंगच ग्राइंडरने कापतात. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात उसळून जागेवरून सरकू शकते. मग टायर. आतल्या कडेने जास्त झिजलेत का? टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ‘३२१९’ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. आणि पॉवर वाढवताना ब्रेकला काही केलं का, हेही विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. पळायची सोय पाहिली, थांबायची नाही.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर परत फिरायचं. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, गालिच्याचा कुबट वास. चेन्नईचा २०१५चा, सांगली-कोल्हापूरचा २०१९चा पूर आपल्याला लांबचा वाटतो. पण २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरातच अंबाझरी ओसंडला तेव्हा किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आठवा. त्यातल्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नसतील.

भाच्याच्या गाडीचा बेल्ट स्वच्छ होता. इंजिनाचं कॉम्प्रेशनही मिस्त्रीने मोजलं, चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ होते. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझंही मन थोडं मऊ व्हायला लागलं होतं. फिल्टर बदलता येतो, कन्व्हर्टरचे पैसे किमतीतून कापून घेता येतात, असा हिशोब मीच मनात मांडत होतो.

मग चावी फिरवली, इंजिन चालू न करता. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात आणि एकेक करून विझतात, ती आरती मला फार आवडते. एबीएसचा लागला, विझला. ऑइलचा, बॅटरीचा. पण एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. नीट लक्षात घ्या. तो लागून राहिला असता तर ‘बिघाड आहे’ एवढं तरी कळलं असतं. तो लागतच नाही याचा अर्थ कोणीतरी त्याचं तोंड बंद केलंय.

भाचा तोवर त्या छोट्या, मऊ, लाल शिलाईच्या रेसिंग स्टिअरिंगवर हात फिरवत होता.

मी विचारलं, “याच्या आत एअरबॅग कुठे आहे?”

विकणारा पोरगा भला होता, खोटं नाही बोलला. म्हणाला, “ते स्टिअरिंग बदललं तेव्हा काढावी लागते. दिवा जळत होता म्हणून बंद केला.”

“मूळ स्टिअरिंग?”

“विकलं.”

गाडीत बसणाऱ्या माणसासाठी कंपनीने ठेवलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट काढून विकली होती, आणि त्याची आठवण करून देणारा दिवाही. आणि पॉवर मात्र पस्तीसने जास्त. वणी-राजूर रस्त्यावर कोळशाचे ट्रक कसे येतात ते भाच्याला माझ्याहून जास्त माहीत आहे, तो रोज त्याच रस्त्याने जातो. मी काहीच बोललो नाही. तो स्वतःच खाली उतरला आणि “नंतर फोन करतो” म्हणाला.

परत येताना जाममध्ये चहाला थांबलो तरी गडी गप्पच. तीन दिवस त्याने मला फोन केला नाही. चौथ्या दिवशी केला.

“मामा, नवीन एअरबॅग, स्टिअरिंग, तो कन्व्हर्टर, सगळं कंपनीचं बसवलं तर किती लागते?”

दोघांनी मिळून आकडा काढला. ‘फुकटात’ मिळणारे दोन लाख तिथेच फिटले आणि वर काही उरले. त्याने ती गाडी सोडली. मी ‘सोड’ म्हटलं असतं तर कदाचित हट्टाने घेतली असती.

सगळ्याच केलेल्या गाड्या वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. नीट केलेली, बिलांसकट, मूळ पार्टांसकट, विमा कंपनीला कळवलेली गाडी असू शकते. ती सापडली तर जरूर घ्या. पण त्याआधी कंपनीच्या अवस्थेतली, सर्व्हिसची नोंद असलेली तीच गाडी काय भावाने मिळते ते बघा. आणि किंमत ठरवताना पहिल्या सहा महिन्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. ते जमत नसेल तर गाडी परवडत नाही, मग तिची किंमत काहीही असो.

भाच्याचा शोध चालू आहे. आता पोलोच, पण साधी, फिल्टरच्या बंद डब्यासकट. भाऊजींचे तीन लाख अजून बँकेत आहेत. ताई परवा सांगत होती, “तो आता मित्रायच्या गाड्या तपासत फिरून राहिला. येईल त्याले विचारते, तू काय काढलं बे?”

असो. कोणाकडे एका मालकाची, न छेडलेली जीटी टीएसआय असेल तर कळवा. फक्त चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागले पाहिजेत, एवढीच अट.